दोन, चार, तीन, नऊ : आवृत्ती क्रमांकाच्या कामाची नोंदवही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळी सव्वादहाला देवास शाखेतून फोन. दैनिक बचत खात्यावर एका दिवसाचं व्याज जास्त लागतंय. मी म्हटलं, "काकू, हे आम्ही मागच्या महिन्यातच दुरुस्त केलंय. तुमच्या स्क्रीनवर अगदी खाली कोणता नंबर दिसतोय?" त्या म्हणाल्या, "दोन पॉइंट तीन पॉइंट शून्य स्नॅपशॉट."

मग इंदूरच्या मुख्य शाखेत, राजवाड्याकडे, फोन लावला. तिथे व्याज बरोबर लागतंय. आणि खालचा नंबर? दोन पॉइंट तीन पॉइंट शून्य स्नॅपशॉट.

म्हणजे नाव एक आणि माणसं दोन. दोन्हीकडच्या जार फाइली (जावा प्रोग्रामचं बांधून तयार झालेलं पुडकं) मागवून घेतल्या. आकारात चार केबीचा फरक, चेकसम (फाइलीच्या आतल्या बाइट्सवरून काढलेला ओळख-आकडा) अर्थातच वेगळे. देवासची जार डिसेंबरातली, इंदूरची जानेवारीतली. नंबरावरून हे कळायची काही सोय नव्हती. स्नॅपशॉट हा मेव्हनमधला, म्हणजे सोर्समधून जार बांधणाऱ्या आमच्या साधनातला, शब्दच मुळी 'अजून शिजतंय' अशा अर्थाचा आहे. शिजायला ठेवलेलं पातेलं आम्ही थेट पंगतीत नेऊन ठेवलं होतं, दोन वर्षं.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे सहा महिन्यांनी वही उघडली तर मलाच कळेल. गिऱ्हाईक एक सहकारी पतसंस्था. इंदुरात दोन शाखा, शिवाय देवास, धार आणि महू. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक शाखेत स्वतःचं मशीन, त्यावर आमचं जावा अॅप, आणि रात्री हिशेब मुख्य शाखेशी जुळवला जातो. एकच सर्व्हर असता तर हा प्रश्न इतका चिघळला नसता. पाच मशीन आहेत, म्हणून 'तुमच्याकडे कोणतं चाललंय' हा रोजचा प्रश्न आहे. आणि ३१ मार्चचं क्लोजिंग आठ आठवड्यांवर आलंय.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कर काय करायचं ते, पण क्लोजिंगच्या आत."

५ फेब्रुवारी, बुधवार

आज फक्त मोजदाद. आवृत्ती क्रमांक कुठे कुठे लिहिलाय ते शोधत बसलो. मुख्य पॉम फाइल (काय आणि कसं बांधायचं ते मेव्हनला सांगणारी) एक, सात मॉड्यूलांच्या सात. शिवाय अॅप्लिकेशन प्रॉपर्टीज, लॉगिन पानाची तळओळ आणि इन्स्टॉलरची स्क्रिप्ट. एकूण अकरा जागा, त्यांत चार वेगवेगळे नंबर. मदतीच्या पीडीएफवर अजून १.९ आहे. टेस्टिंगच्या ताईंची स्वतःची एक एक्सेल आहे, तिच्यात कोणत्या शाखेला कधी काय दिलं ते तारखांसकट आहे. आजवर आम्हाला तारलंय ते त्या एक्सेलनंच. बिल्ड यंत्रणेला त्याचं श्रेय नाही.

सर्व्हरवरचा रिलीजचा फोल्डर पाहिला. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-नवीन-२', 'हाच-घ्या'. शेवटचं नाव माझंच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आधी राजमार्ग बघावा म्हणून मेव्हनचा रिलीज प्लगइन लावला. तो काय करतो: सगळ्या पॉममधला स्नॅपशॉट काढून पक्का नंबर घालतो, टेस्ट चालवतो, गिटमध्ये (सोर्सचा इतिहास ठेवणारी यंत्रणा) बदलाची नोंद म्हणजे कमिट करतो, त्या नोंदीला नावाची खूण म्हणजे टॅग लावतो, लगेच पुढचा स्नॅपशॉट नंबर घालून दुसरा कमिट करतो. मग दुसऱ्या टप्प्यात तो टॅग नव्यानं चेकआउट करून पुन्हा बिल्ड करतो आणि रेपॉझिटरीत, म्हणजे तयार जारींच्या कोठारात, चढवतो.

आमच्याकडे जेनकिन्सच्या, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरच्या, वापरकर्त्याला पुश करायचा (कमिट मुख्य गिटवर चढवायचा) हक्कच नव्हता. दोन्ही कमिट झाले, टॅग लागला, आणि पुशला गाडी अडली. मागे रिलीज डॉट प्रॉपर्टीज आणि पॉमच्या बॅकअप फाइलींचा पसारा. तो आवरणारी आज्ञाही प्लगइनमध्ये आहे, पण लोकल टॅग मला हातानं पुसावा लागला.

प्लगइन वाईट नाही. दुसऱ्यांनी वापरायची लायब्ररी लिहिणाऱ्यांना, तीन महिन्यांतून एकदा समारंभानं रिलीज करणाऱ्यांना तो शोभतो. आमचं रिलीज म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी धारहून आलेला फोन. त्यासाठी दोन कमिट आणि दोन बिल्ड म्हणजे पोहे खायला वरात काढण्यासारखं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादांचं म्हणणं, सोपं ठेव. व्हर्शन्स प्लगइनची एक आज्ञा आहे, ती सगळ्या पॉममध्ये एकदम नवा नंबर घालते. जेनकिन्सनं प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला ती चालवायची, शेवटचा आकडा एकनं वाढवायचा, कमिट करून पुश करायचं. पुशचा हक्क गेल्याच आठवड्यात मिळवलाय, तो वापरू.

संध्याकाळी सातपर्यंत बसवलं. पहिला बिल्ड हिरवा. २.३.४. घरी गेलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेनऊला बघतो तर २.३.१७३.

जेनकिन्स दर पाच मिनिटांनी गिटमध्ये काही नवं आलंय का ते बघतो. नवं आलं होतं: त्यानंच केलेला नंबर वाढवल्याचा कमिट. म्हणून त्यानं बिल्ड केला, नंबर वाढवला, पुश केला. पाच मिनिटांनी पुन्हा नवं आलं होतं. रात्रभर मारुतीच्या शेपटासारखा नंबर वाढत गेला. गिटच्या इतिहासात काल संध्याकाळपासून माणसानं केलेला एकही कमिट नाही आणि मशीनचे १६९ आहेत. डिस्क नव्वद टक्के भरलेली. ताईंना प्रत्येक बिल्डची मेल जाते, त्या सकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही काल फार काम केलंत."

यावर उपाय आहेत. कमिटच्या मजकुरात खूण घालून तो कमिट बिल्डमधून वगळता येतो, जेनकिन्सला त्यासाठी वेगळा प्लगइन लागतो. तासभर तेच करत होतो. मग हात थांबले. नंबर वाढवण्यासाठी सोर्समध्ये लिहायचं, आणि लिहिलेलं बघायचं नाही म्हणून पुन्हा यंत्रणेला सांगायचं. चूक पहिल्या पायरीवर आहे. बिल्डनं सोर्स वाचावा. त्यात लिहू नये.

२.३ ची मालिका इथेच बंद. १६९ नंबर जळाले. पुढची २.४.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नंबर पॉममध्ये ठेवायचाच नाही, बाहेरून द्यायचा. २०१७ च्या एप्रिलमधल्या मेव्हन ३.५.० पासून हे रीतसर करता येतं. व्हर्शनच्या जागी डॉलर आणि महिरपी कंसात 'रिव्हिजन' एवढं लिहायचं आणि बिल्ड चालवताना आज्ञेच्या ओळीवर रिव्हिजनची किंमत सांगायची. मेव्हन या जागी फक्त तीनच नावं गोडीनं घेतो: रिव्हिजन, शा-वन आणि चेंजलिस्ट. आपल्या मनचं चौथं नाव दिलं की पिवळ्या अक्षरांत कुरकुर करतो.

सातही मॉड्यूलांच्या पॉममधला नंबर गेला. मुख्य पॉममध्ये रिव्हिजनची ठरलेली किंमत ठेवली 'शून्य-लोकल'. बाहेरून कोणी नंबर दिला नाही, म्हणजे बिल्ड कोणाच्या तरी लॅपटॉपवर झाला, असं त्यावरून कळेल. आमचा धाकटा सहकारी म्हणाला, "शून्य का? २.४-लोकल ठेवू." नको म्हटलं. मेव्हनच्या क्रमवारीत शून्य सगळ्यात खाली राहतो, चुकून कुठे गेला तरी पक्क्या नंबरावर कुरघोडी करणार नाही.

दुपारी लगेच ठेच लागली. आमचं एक वेगळं छोटं अॅप आहे, एसएमएस पाठवणारं, ते यातलं 'गाभा' मॉड्यूल रेपॉझिटरीतून घेतं. त्याचा बिल्ड पडला. तक्रार अशी की पालक पॉम सापडत नाही, आणि शोधत काय होता, तर अक्षरशः डॉलर-कंस-रिव्हिजन. म्हणजे जार बरोबर चढली होती, पण तिच्यासोबतची पॉम जशीच्या तशी, कोरा चेक जावा तशी. इथे फ्लॅटन नावाचा प्लगइन लागतो. तो चढवण्याआधी पॉमची एक सपाट प्रत काढतो, त्यात रिव्हिजनच्या जागी खरा आकडा असतो. त्याला 'फक्त या तीन नावांचंच बघ' असं सांगता येतं, तेवढंच सांगितलं. सपाट प्रत गिटच्या दुर्लक्ष यादीत टाकली. नाहीतर कोणीतरी ती कमिट करणार आणि तो कोणीतरी मीच असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नंबर बाहेरून येणार हे ठरलं. पण बाहेर म्हणजे कुठून?

पहिला मोह जेनकिन्सच्या बिल्ड क्रमांकाचा. आयता मिळतो, दर वेळी वाढतो. पण तो जेनकिन्सच्या मशीनवरच्या जॉबच्या फोल्डरात एका छोट्या फाइलीत राहतो. गेल्या दिवाळीत मशीन बदललं, जॉब नव्यानं बनवला, आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाला. नंबराची जात सोर्सची हवी, कारखान्याच्या भिंतीची नको.

म्हणून गिट. 'डिस्क्राइब' ही आज्ञा जवळचा टॅग, त्यानंतर किती कमिट झाले तो आकडा आणि कमिटच्या शाचा (त्याच्या लांबलचक ओळख-क्रमांकाचा) तुकडा असं देते. तुकड्याआधी 'जी' लावते, गिटचा. आम्ही 'वी २.४' असा टॅग लावला. पुढचे कमिट मोजले की तिसरा आकडा आपोआप: २.४.१, २.४.२. कोणी काही लिहायचं नाही, कोणी काही वाढवायचं नाही. त्याच कमिटवरून पुन्हा बिल्ड केला तर तोच नंबर येतो.

हे सगळं सुंदर दिसतंय आणि माझ्या लॅपटॉपवर चाललंसुद्धा. जेनकिन्सवर मात्र 'एकही नाव सापडलं नाही' म्हणून मेलं. कारणं दोन निघाली, आणि दोन्ही एकाच वेळी हजर होती. एक, टॅग साधा लावला होता. डिस्क्राइब मुद्दाम सांगितल्याशिवाय फक्त मजकुरासह लावलेले, अॅनोटेटेड टॅगच मोजतो. माझ्या लॅपटॉपवर मी वेगळा पर्याय देऊन चालवत होतो म्हणून कळलं नाही. दोन, जेनकिन्सच्या जॉबमध्ये पूर्वी कोणीतरी वेळ वाचवायला शॅलो क्लोन (सोर्सची अपुऱ्या इतिहासाची प्रत) लावला होता आणि 'टॅग आणू नका' यावर खूण केली होती. शेवटचा एकच कमिट असलेल्या झाडात मागचे कमिट मोजणार कसे?

पूर्ण क्लोनला चाळीस सेकंद जास्त लागतात. लागू देत.

एक पळवाट ध्यानात ठेवायची. दोन फांद्यांवर (एकाच सोर्सच्या समांतर वाटांवर) टॅगनंतर चौदा-चौदा कमिट असले तर दोघींचाही नंबर २.४.१४ येईल. म्हणून पक्का नंबर फक्त मुख्य फांदीला. बाकी फांद्यांचे बिल्ड शून्य-लोकल. आणि मुख्य फांदीचा इतिहास मागे जाऊन बदलायला आजपासून मनाई, नाहीतर मोजणी उलटी फिरेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मी लॉगिन पानाच्या तळाला नंबर आणि त्यापुढे शाचा सात अक्षरी तुकडा असं छापलं होतं. पूर्ण माहिती, एकही शंका नाही. महू शाखेला प्रयोगासाठी दिलं आणि फोनवर वाचायला सांगितलं.

"ई... मग सात... मग बी. का डी? बारीक आहे हो."

बी, डी, ई, थ्री. फोनवर सगळी सख्खी भावंडं. तीनदा वाचूनही मला कमिट सापडला नाही. शा काढून टाकला, म्हणजे स्क्रीनवरून. जारच्या आत आणि लॉगमध्ये तो आहेच, तो आमच्या उपयोगाचा. स्क्रीनवर फक्त आकडे. या सगळ्या कारभाराचा खरा वापरकर्ता मेव्हन नाही, फोनवर नंबर वाचणारं माणूस आहे, हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले.

याच कारणानं सिमँटिक व्हर्शनिंगचा वाद मी मिटवला. धाकट्यानं त्याचे नियम वाचून आणले होते: मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा, नवी सोय असेल तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. नियम चांगले आहेत, पण ते लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामरशी केलेला करार आहेत. पतसंस्थेच्या कॅशियरशी आमचा तसा करार नाही. तिला 'माझ्याकडचं देवासकडच्यापेक्षा नवं का जुनं' एवढंच हवंय. एसएमएसवाल्या अॅपचं वेगळं, तिथे पाळू.

उद्या महाशिवरात्र, ऑफिस बंद.

४ मार्च, मंगळवार

शाखेतल्या मशीनवर आमचा एक लाँचर आहे. सकाळी सुरू होताना तो मुख्य सर्व्हरवर मोठा नंबर दिसला तर नवी जार उतरवून घेतो. आज २.४.१० तयार झाली आणि एकाही शाखेनं उतरवली नाही.

लाँचर नंबरांची तुलना अक्षरांसारखी करत होता. अक्षरांच्या रांगेत '१०' हे '९' च्या आधी येतं, कारण पहिलं अक्षर एक. आजवर बोंब झाली नाही, कारण शाखांकडे गेलेल्या आवृत्त्यांचा तिसरा आकडा कधी नवाच्या पुढे गेलाच नव्हता. मेव्हन स्वतः ठिपक्यांवर तुकडे करून आकडे आकड्यांसारखे मोजतो. त्याचाच तुलनेचा क्लास लाँचरमध्ये घेतला, हातानं लिहीत बसलो नाही.

तिथेच दुसरं भूत सापडलं. जावाची आवृत्ती तपासायला कोणीतरी जावा-डॉट-व्हर्शन या मजकुराचं तिसरं अक्षर काढून त्याचा आकडा करत होतं. ज्या काळी लिहिलं त्या काळी बरोबर: '१.८.०' मधलं तिसरं अक्षर आठ. जावाचं पण गंमतीदार आहे. १९९६ साली १.० आली, २००४ साली आतून १.५ असलेल्याला बाहेर ५.० म्हणायला लागले, आणि हा आतला-बाहेरचा दुटप्पीपणा २०१७ च्या जावा ९ पर्यंत चालला. तेव्हा पुढचा एक काढून टाकला आणि जगभरचे असे प्रोग्राम आपटले. आमचा आपटला नव्हता, कारण शाखेतली मशीन आजपर्यंत आठवरच होती. महूचं मशीन सतरावर नेलं आणि तिसऱ्या अक्षराच्या जागी ठिपका सापडला. ठिपक्याचा आकडा होत नाही.

जावा ९ पासून रनटाइमला थेट विचारता येतं, आवृत्ती तुकडे करून मिळते. तसं केलं.

१० मार्च, सोमवार

नंबर जारमधून स्क्रीनवर आणायचं काम. मॅनिफेस्टमधून (जारच्या आतली माहितीची फाइल) वाचायचा प्रयत्न केला, आयडीईतून (कोड लिहायच्या प्रोग्राममधून) चालवलं की 'नल' येतं, कारण तिथे जारच नसते, नुसते क्लास असतात. स्प्रिंग बूटच्या मेव्हन प्लगइनला बिल्डची माहिती एका प्रॉपर्टीज फाइलीत लिहायला सांगता येतं, ते घेतलं. गिटची माहिती दुसऱ्या एका प्लगइननं. दोन्ही अर्ध्या तासात झालं. इतकं सहज काही झालं की मला संशय येतो.

१२ मार्च, बुधवार

संशय खरा. महूला पावती छापेना. पीडीएफ बनवतानाच अॅप कोसळतंय, 'फॉन्ट वाचता येत नाही' म्हणून.

पावती देवनागरीत असते, त्यासाठी फॉन्ट जारमध्येच ठेवलाय. आम्ही गेल्या आठवड्यात फॉन्टला हात लावला नव्हता. ताईंनी जुनी आणि नवी जार उघडून शेजारी शेजारी ठेवली. नव्या जारमधला फॉन्ट जवळजवळ दीडपट मोठा. फॉन्ट फुगतो कसा?

सोमवारी परवान्याच्या पानावर नंबर यावा म्हणून धाकट्यानं रिसोर्स फिल्टरिंग सुरू केलं होतं. त्यात मेव्हन रिसोर्स फोल्डरातल्या फाइली मजकूर म्हणून वाचतो, खुणेच्या जागी किंमत घालतो आणि परत लिहितो. फॉन्ट हा मजकूर नव्हे. त्यातल्या ज्या बाइट्सचा यूटीएफ-८ मध्ये अर्थ लागला नाही, त्या प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्हाचा ठोकळा बसला, आणि तो ठोकळा तीन बाइट्सचा. म्हणून फुगला. नेहमीच्या चित्रांच्या फाइली मेव्हन आपणहून वगळतो, टीटीएफ त्या यादीत नाही.

फॉन्ट वेगळ्या फोल्डरात, तिथे फिल्टरिंग बंद. परवान्याच्या पानावरचा नंबर काढून टाकला. तो कोणी वाचत नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक), सगळं शहर तिकडे. ऑफिस बंद. तरी दुपारी देवासहून फोन आला. माझ्या कानात रंग होता, ऐकू आलं नाही, उद्या करतो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

कालचा फोन आज निस्तरला, आणि निस्तरताना तासभर चुकीचा कोड वाचत बसलो. देवासच्या काकूंनी काल नंबर सांगितला होता 'दोन, चार, उनचास'. मी ऐकलं एकोणचाळीस. त्या हिंदीतला एकोणपन्नास सांगत होत्या का? नाही. कारण २.४.४९ अजून जन्मालाच आलेला नाही. त्यांना म्हणायचं होतं उनतालीस, म्हणजे एकोणचाळीसच. म्हणजे मी चुकीचं ऐकून बरोबर पोचलो होतो, मग माझीच शंका घेऊन २.४.२९ उघडून बसलो.

इंदुरात मराठी घरात भाव मराठीत, हिशेब हिंदीत आणि फोन नंबर इंग्रजीत. आजपासून नियम: नंबर एकेक आकडा सुटा सांगायचा. दोन, चार, तीन, नऊ. ताईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाचही शाखांना पाठवलं.

२४ मार्च, सोमवार

धाकट्याची मागणी: २.४.४१ मध्ये पावतीवर 'रुपये' चं 'रुपय' झालंय, अजून कोणाला दिलेलं नाही, तेवढ्याच नंबरावर दुसरी जार चढवून देऊ का? रेपॉझिटरीनं नाही म्हटलं. आमची रेपॉझिटरी ज्यावर चालते त्या नेक्ससमध्ये पक्क्या आवृत्तीवर पुन्हा चढवायला बंदी घालता येते, ती मी पहिल्याच आठवड्यात घातली होती. त्याला वाटलं मी त्याच्या वाटेत आडवा आलो. बरोबर वाटलं.

दादांचं वेगळं दुखणं. गिऱ्हाईकाच्या अध्यक्षांनी विचारलं की महिन्यात चाळीस आवृत्त्या म्हणजे इतक्या चुका होत्या का? मी म्हटलं, चाळीस आवृत्त्या झाल्या, तुमच्याकडे आल्या फक्त चार. बाकीच्या ताईंनी चाळून टाकल्या. पक्की करायची म्हणून पुन्हा बिल्ड करायचा नाही. ताईंनी तपासलेली जी जार, तीच बाइटसुद्धा न बदलता शाखेत जाते. 'आरसी-१' (रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्की होण्याच्या उमेदवारीतली) असं नाव देऊन तपासायचं आणि मग नाव बदलायला पुन्हा बिल्ड करायचा, तर तपासली एक आणि दिली दुसरीच. नंबर फुकट असतात, जाळायला संकोच कसला?

अध्यक्षांना हे पटलं की नाही माहीत नाही. दादांना पटलं.

२८ मार्च, शुक्रवार

२.४.४४ पाचही शाखांत. सगळ्यांनी फोनवर वाचून दाखवला. क्लोजिंगसाठी आता हात लावायचा नाही. धाकटा सोमवारी धारला जाऊन बसणार, तिथे मदतीला कोणी नाही.

२ एप्रिल, बुधवार

धारहून काका. क्लोजिंगच्या अहवालात मुदत ठेवींची एक ओळ गळतेय. "परवा रात्री बरोबर आला होता हो, आज परत बिघडला."

नंबर विचारला. दोन, चार, चार, चार. मी ऐटीत सांगितलं, काका, परवाही हाच होता, आजही हाच आहे, नंबर तोच म्हणजे जार तीच, तेव्हा परवा बरोबर आणि आज चूक असं होऊच शकत नाही. काका म्हणाले, "बाळा, माझ्या हातात परवाचा छापलेला कागद आहे."

लाँचरचा लॉग मागवला. १ एप्रिल, सकाळी ९ वाजून ५२ मिनिटं: 'शून्य-लोकल' च्या जागी २.४.४४ उतरवली.

धाकट्याकडे बघितलं. तो आधीच स्क्रीनकडे बघत बसला होता. ३१ च्या रात्री साडेअकराला अहवालात ती ओळ गळत होती, काका जेवायचे थांबले होते, नेट बंद होतं. त्यानं लॅपटॉपवर दुरुस्ती केली, बिल्ड केला, पेन ड्राइव्हनं जार टाकली, अहवाल छापून दिला आणि शेवटच्या बसनं आला. दुसऱ्या दिवशी कमिट करायचं राहून गेलं. सकाळी नेट आलं, लाँचरला सर्व्हरवर शून्यापेक्षा मोठा नंबर दिसला, आणि त्यानं नेमानं दुरुस्ती पुसून चूक परत बसवली. शून्य सगळ्यात खाली राहील अशी व्यवस्था कोणी केली होती, ते वहीत १७ फेब्रुवारीला लिहिलेलं आहे.

ओरडण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, वर फाइलीचं नाव 'हाच-घ्या' ठेवलं असतं. दुरुस्ती कमिट झाली, ताईंनी तपासली, चारच्या आत धारला २.४.४५ लागली, काकांनी पुन्हा कागद छापून दोन्ही ताडून बघितले.

लाँचरचं काय करायचं यावर दादांचं आणि माझं जुळलेलं नाही. मी म्हणतो, पुसलं ते बरोबरच, लॅपटॉपवरची जार शाखेत दुसऱ्या दिवशी राहता कामा नये. दादा म्हणतात, पुसण्याआधी स्क्रीनवर विचार तरी. सकाळी पावणेदहाला, दारात गिऱ्हाईक उभं असताना, काका त्या प्रश्नाला काय उत्तर देतील? 'हो' दाबतील.

तूर्तास एवढंच ठरलं: शून्य-लोकल चालू असेल तर तळओळ लाल दिसेल आणि लाँचर ती पुसताना ताईंना मेल पाठवेल. काम धाकट्याकडे, सोमवारपर्यंत.